अस्थिसंधान, प्रकाश आणि यतना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्या ट्रस्टने सेवेची पन्नास वर्षे पूर्ण केली, त्याबद्दल प्रथम सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. ट्रस्टच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून कुबड्या, वॉकर, चाकांची खुर्ची नेली नाही असे घर आपल्या संघात शोधूनही सापडणार नाही. पांजरपोळात पाय मोडलेल्या गाई-वासरांची आणि संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने जायबंदी झालेल्या पाखरांची शुश्रूषा होते, ती वेगळीच. अस्थिरोगतज्ज्ञ या नात्याने मला या कार्याचे मोल विशेष जाणवते. म्हणूनच संयोजकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली तेव्हा मी ठरविले की, मोडलेले हाड जुळत असताना शरीरात नेमके काय घडते आणि ते प्रकाशाच्या साहाय्याने पाहण्याचे शास्त्र कोठवर आले आहे, हे आपल्यासमोर मांडावे. विषय प्रयोगशाळेतील आहे हे खरे. तथापि त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, जो केवळ डॉक्टरांचा नाही. तो अहिंसेचा प्रश्न आहे आणि तो आपल्या दानाशी जोडलेला आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

शास्त्रातील संहनन

जैन परंपरेला अस्थींचा विचार नवा नाही. नामकर्माच्या प्रकृतींमध्ये ‘संहनन’ नावाची एक प्रकृती सांगितली आहे. हाडांची रचना आणि त्यांच्या सांध्यांची दृढता या कर्माने ठरते. संहननाचे सहा प्रकार सांगितले आहेत. श्वेतांबर कर्मग्रंथांतील विवेचनानुसार पहिल्या, म्हणजे वज्रऋषभनाराच संहननात दोन हाडे परस्परांत मर्कटबंधाने गुंतलेली असतात, त्यावर पट्ट्याचे वेष्टन असते आणि या सर्वांना भेदून जाणारी खीळ असते. शेवटच्या, म्हणजे सेवार्त संहननात हाडे एकमेकांना केवळ टेकलेली असतात. दिगंबर परंपरेत नावांत आणि स्पष्टीकरणात थोडा भेद आहे, परंतु सहा प्रकारांची चढती-उतरती दृढता तेथेही आहे. आजच्या काळातील मनुष्याच्या वाट्याला शेवटचे संहनन आले आहे, असे आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत.

पट्टा आणि खीळ हे शब्द ऐकताना शस्त्रक्रियागारातील प्लेट आणि नेल आठवतात, हे मी नाकारत नाही. परंतु यावरून प्राचीन ग्रंथांत आधुनिक शस्त्रक्रिया होती असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याने ना शास्त्राचा गौरव होतो, ना विज्ञानाचा. संहननाचा विचार कर्मसिद्धांताचा आहे आणि त्याचे प्रयोजन निराळे आहे. आपल्यासाठी बोध इतकाच की, देहाच्या दृढतेला मर्यादा आहे हे आपल्या पूर्वसूरींनी ओळखले होते. घरातील आजी न्हाणीघरात पाय घसरून पडते आणि खुब्याचे हाड मोडते, तेव्हा ही मर्यादा सगळ्या कुटुंबाला कळते.

हाड जुळते कसे

हाड मोडले की तेथील रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्ताची गाठ तयार होते. पहिल्या काही दिवसांत तेथे सूज येते. सूज म्हणजे केवळ त्रास, असा आपला समज असतो; वस्तुतः दुरुस्तीच्या कामाला कारागिरांना बोलावणारी ती दवंडी आहे. त्यानंतर त्या जागी नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. पुढील आठवड्यांत या मऊ सांध्यात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक साठू लागतात आणि तो कठीण होतो. डॉक्टर ज्याला ‘कॅलस आला’ असे म्हणतात ती ही अवस्था. अखेरीस कित्येक महिने, कधी काही वर्षे, या ओबडधोबड सांध्याला मूळ हाडाचा घाट देण्याचे काम चालू राहते.

या कामात दोन प्रकारच्या पेशी प्रमुख असतात. ऑस्टिओब्लास्ट नवे हाड रचतात आणि ऑस्टिओक्लास्ट जुने हाड विरघळवितात. घराची डागडुजी करताना गवंडी जसा आधी सैल झालेला गिलावा पाडतो आणि मगच नवा चढवितो, तसेच हे आहे. रचणे आणि पाडणे यांचा मेळ बिघडला तर हाड जुळण्यास विलंब लागतो; क्वचित ते जुळतच नाही.

क्ष-किरणांना काय दिसत नाही

विल्हेल्म राँटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि मोडलेले हाड कातडीबाहेरून दिसू लागले. या शोधासाठी त्यांना १९०१ मध्ये भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. आजही अस्थिभंगाचे निदान प्रथम क्ष-किरण चित्रानेच होते. परंतु क्ष-किरणांना दिसते ते मुख्यतः साठलेले कॅल्शियम. पहिले दोन-तीन आठवडे शरीर रात्रंदिवस काम करीत असते आणि चित्रात मात्र फट तशीच दिसते. रुग्ण विचारतो, “डॉक्टर, जुळतंय का?” आणि डॉक्टरांना बहुधा सांगावे लागते, “अजून महिन्याने पुन्हा फोटो काढू.”

ही प्रतीक्षा काही वेळा फार महाग पडते. हाड जुळलेच नाही असे केव्हा म्हणावे, याविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची जी व्याख्या प्रचलित आहे, ती दुखापतीनंतर किमान नऊ महिने लोटलेले असावेत आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रगतीचे कोणतेही चिन्ह नसावे, अशी आहे. नऊ महिने! घरातील मिळवता माणूस नऊ महिने अंथरुणाला किंवा कुबड्यांना खिळलेला असणे म्हणजे काय, हे आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांवरून विश्वस्तांना ठाऊक आहे. हाड जुळण्याची प्रक्रिया तिसऱ्या आठवड्यातच मंदावली आहे असे जर कळू शकले, तर उपचार वेळीच बदलता येईल. प्रकाशाचे शास्त्र येथे पुढे येते.

मंजिष्ठेचा लाल रंग

या शास्त्राची सुरुवात एका रंगापासून झाली. लंडनमधील शल्यवैद्य जॉन बेल्चियर यांनी १७३६ मध्ये नोंदविले की, कापड रंगविण्याच्या कामातील मॅडर या वनस्पतीचा अंश खाल्लेल्या डुकरांची हाडे लाल झालेली होती. मॅडर ही आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातील वनस्पती. पुढे फ्रान्समध्ये दुहामेल यांनी प्राण्यांना ही वनस्पती काही काळ देऊन, काही काळ थांबवून पाहिले, तेव्हा हाडात लाल आणि पांढरे थर एकाआड एक आढळले. झाडाच्या खोडात वर्षांची वलये असावीत, तशी ही हाडाची दिनदर्शिका होती. मंजिष्ठेच्या कुळातील हा रंग नव्याने साठणाऱ्या कॅल्शियमला चिकटतो, हे त्यामागील कारण.

‘फ्लुओरेसन्स’ हा शब्द १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी योजिला. मराठीत त्यास अनुस्फुरण म्हणतात. एखाद्या द्रव्यावर एका रंगाचा प्रकाश पाडला असता ते दुसऱ्या, बहुधा अधिक तांबूस बाजूच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकते. पाडलेला प्रकाश थांबला की हे उजळणेही तत्काळ थांबते. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेतील धागे चमकतात, तो हाच गुणधर्म.

१९५७ मध्ये मिल्च, रॉल आणि टोबी यांनी दाखवून दिले की, टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक हाडात साठते आणि जंबुपार प्रकाशाखाली उजळते. लहान मुलांना हे औषध देणे टाळतात, कारण ते वाढत्या दातांतही साठून त्यांना पिवळट डाग पाडते. तोच गुण येथे उपयोगी पडला. अमेरिकेतील हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी यावरून मनुष्याच्या हाडाची वाढ मोजण्याची पद्धत विकसित केली. रुग्णास ठरावीक दिवसांच्या अंतराने दोनदा टेट्रासायक्लीन द्यायचे आणि नंतर कमरेच्या हाडाचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. दोन पिवळ्या रेषा दिसतात. त्यांमधील अंतराला मधल्या दिवसांनी भागले की हाड रोज किती वाढले ते कळते. आपल्या चोपड्यात दोन नोंदींमधील फरकावरून व्यवहार कळतो, तसाच हा हिशेब. गुंतागुंतीच्या अस्थिविकारांत ही तपासणी आजही केली जाते.

पुढे कॅल्सीन हिरवा, झायलेनॉल नारिंगी आणि अलिझारीन लाल अशा निरनिराळ्या रंगांच्या द्रव्यांनी आठवड्यागणिक वेगळी रेषा उमटविता येऊ लागली. परंतु या सर्व पद्धतींत एक अडचण कायम राहिली. रेषा पाहण्यासाठी हाड बाहेर काढून कापावे लागते. प्रयोगातील प्राण्याच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे मी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

कातडीपलीकडचा प्रकाश

रात्री विजेरी तळहाताखाली धरली तर हात लाल दिसतो. निळा-हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते. तांबडा प्रकाश काहीसा आरपार येतो. तांबड्याच्याही किंचित पलीकडे, सुमारे ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, रक्त आणि पाणी दोन्ही प्रकाश कमी शोषतात. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा हा निकट-अवरक्त प्रकाश शरीरात त्यामानाने खोलवर जाऊ-येऊ शकतो. शास्त्रज्ञ त्यास शरीराची खिडकी म्हणतात.

या खिडकीचा उपयोग हाडासाठी कसा झाला, ते पाहू. आपल्या संघातील काही ज्येष्ठ भगिनींना हाडे ठिसूळ झाल्यामुळे आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी दिलेली असेल. ते बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषध असते आणि ते हाडातील स्फटिकांना घट्ट चिकटते. बॉस्टन येथील संशोधकांनी २००१ मध्ये याच वर्गातील पामिड्रोनेटला निकट-अवरक्त प्रकाशात उजळणारा रेणू जोडला आणि जिवंत उंदराच्या शरीरात नवे स्फटिक कोठे साठत आहेत ते कॅमेऱ्याने टिपले. हाड बाहेर काढावे लागले नाही.

दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. त्यात रेणू प्रथम विझलेला असतो. हाड विरघळविणारी पेशी कॅथेप्सिन-के नावाचे विकर सोडते. ते विकर रेणूचे बंध तोडते आणि मगच तो उजळतो. म्हणजे पाडण्याचे काम जेथे चालू आहे तेथेच दिवा लागतो. रचण्याचा एक रंग आणि पाडण्याचा दुसरा रंग असे एकाच वेळी पाहता आले, तर मी मघाशी सांगितलेला मेळ बिघडला आहे की नाही हे कळू शकते. यालाच आण्विक प्रतिमांकन म्हणतात. क्ष-किरण भिंत उभी राहिली की नाही ते सांगतात. हे तंत्र कारागीर कामावर आला की नाही ते सांगते.

तिसऱ्या प्रकाराचा उल्लेख संक्षेपाने करतो. समुद्रातील एका जेलीफिशमधून ओसामू शिमोमुरा यांनी हिरवे उजळणारे प्रथिन वेगळे केले; त्याचा पहिला उल्लेख १९६२ मधील आहे. मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांनी त्याचा उपयोग वाढविला आणि तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रथिनाची जनुके घातलेल्या प्राण्यांत हाड रचणाऱ्या पेशी स्वतःच उजळतात. या संशोधनासाठी आरंभी लाखो जेलीफिश पकडल्या गेल्या. १९९२ मध्ये त्या जनुकाचे स्वरूप डग्लस प्रॅशर यांनी उलगडल्यानंतर मात्र ते प्रथिन जिवाणूंकडून तयार करता येऊ लागले आणि समुद्रातून जेलीफिश उपसण्याची गरज उरली नाही. ज्ञान वाढले तसा पंचेंद्रियच नव्हे, तर त्याहून अल्प इंद्रियांच्या जीवांवरील आघातही टाळता आला, हे उदाहरण मला बोलके वाटते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत

येथे एक सावधानतेचा शब्द. निकट-अवरक्त प्रकाशही काही मिलिमीटर ते फार तर एक-दोन सेंटिमीटरपर्यंतच उपयुक्त चित्र देतो. उंदराच्या पायाला ते पुरेसे आहे. मनुष्याच्या मांडीच्या हाडाला नाही. त्यामुळे उद्या आपल्या गावातील रुग्णालयात जाऊन ‘हाडाचा प्रकाश-फोटो’ मागता येईल, अशी अपेक्षा कोणी करू नये. तसे आश्वासन देणारी जाहिरात दिसली तर तिच्यापासून दूर राहावे.

मनुष्याच्या बाबतीत आज दोन गोष्टी उपलब्ध आहेत. एक, इंडोसायनिन ग्रीन हे अनेक दशके वापरात असलेले द्रव्य शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून दिले असता उघड्या ऊतींमधील रक्तपुरवठा कॅमेऱ्यावर दिसतो. हाडाचा कोणता भाग जिवंत आहे हे ठरविण्यासाठी त्याचा उपयोग करण्याविषयी अभ्यास चालू आहेत. दोन, प्रकाशाऐवजी किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून केलेला बोन स्कॅन. त्यातही बिस्फॉस्फोनेट वर्गाचाच रेणू हाडाला चिकटतो, परंतु गॅमा किरण शरीराच्या कोणत्याही खोलीतून बाहेर येतात.

अहिंसेचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण आज घेत असलेल्या बहुतेक आधुनिक औषधांमागे प्राण्यांवरील चाचण्या आहेत. गोळी पाण्याबरोबर घेताना आपण त्याचा विचार करीत नाही. परंतु विचार न केल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. श्रावकाच्या आचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले जातात. संशोधनातील हिंसा यांपैकी कोठे मोडते, याचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. तो गुरुभगवंतांचा आहे. परंतु जेथे हिंसा पूर्णतः टाळता येत नाही तेथे यतना पाळावी, ही शिकवण आपणा सर्वांना लहानपणापासून मिळालेली आहे. पाणी गाळून पिणे आणि दिवा झाकून ठेवणे ही त्याच यतनेची रूपे.

१९५९ मध्ये इंग्लंडमधील रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळांसाठी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात. ही मला प्रयोगशाळेतील यतनाच वाटते. प्रकाशाचे तंत्र यांपैकी दुसऱ्या तत्त्वाला फार मोठे साहाय्य करते. उदाहरणादाखल हिशेब मांडू. हाड जुळण्याच्या सहा टप्प्यांचा अभ्यास करावयाचा आहे आणि प्रत्येक टप्प्यास आठ उंदीर लागतात. जुन्या पद्धतीत दर टप्प्याला आठांचा जीव जाई, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. प्रकाशाने तेच आठ उंदीर सहा वेळा पाहता येतात. चाळीस जीव वाचले.

परंतु आठ वाचले नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यांचे हाड मोडले जाते आणि प्रयोगाअखेर बहुधा त्यांचाही अंत होतो. शिवाय तंत्र सोपे झाले की प्रयोग वाढतात, असाही धोका आहे. म्हणून ‘आता प्रश्न सुटला’ असे मी म्हणणार नाही. खरी दिशा पहिल्या तत्त्वाची, म्हणजे पर्यायाची आहे. पेशींची संवर्धने, काचेच्या पट्टीवर रचलेले सूक्ष्म अवयव आणि संगणकीय प्रतिकृती यांवर जगभर काम चालू आहे. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा करून औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती काढून टाकली. भारतानेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून अशा पर्यायी पद्धतींना मान्यता दिली.

आपल्या देशात या विचाराची परंपरा जुनी आहे. राज्यसभेच्या सदस्या व थोर नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकारातून १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा साकारला. शक्य तेथे प्रयोग टाळावेत, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये आणि भूल द्यावी, ही सूत्रे त्या कायद्यात आहेत. १९९८ च्या नियमांनी संस्थांतील नीतिसमित्यांची व्यवस्था आली.

आपले कर्तव्य

ट्रस्टसमोर मी नम्रपणे तीन सूचना ठेवतो.

पहिली : वैद्यकीय संस्थेला मोठी देणगी देताना विश्वस्तांनी एक प्रश्न अवश्य विचारावा, “आपल्याकडे प्राण्यांवर प्रयोग होतात काय, आणि होत असतील तर पर्यायासाठी आपण काय करता?” दात्याने विचारलेला प्रश्न नियमाइतकाच परिणामकारक ठरतो. केवळ नकार देऊन दूर राहिल्याने आपले हात स्वच्छ राहतील, पण एकही जीव वाचणार नाही.

दुसरी : आपल्या शिष्यवृत्ती निधीतून जीवशास्त्र, औषधनिर्माण किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यास प्राणीविरहित पद्धतींवर काम करावयाचे आहे, त्यास प्राधान्य द्यावे. समाजातील मुले-मुली या शाखांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या संस्कारांना आणि बुद्धीला एकत्र येण्याची ही जागा आहे.

तिसरी सूचना घरासाठी आहे. जे हाड मोडलेच नाही त्याच्यासाठी ना रेणू लागतो, ना उंदीर. प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तीळ, दूध, दही यांतही ते आहे. यांतील काहीही आपल्या आहारमर्यादेबाहेरचे नाही. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी अंगावर ऊन घ्यावे. शाकाहारी ज्येष्ठांनी ‘बी-१२’ तपासून घ्यावे. तंबाखू आणि मिश्री हाड जुळण्यात अडथळा आणतात. व्यसनत्याग हा येथे धर्मही आहे आणि औषधही. अस्थिभंग झालेला असताना मोठी तपश्चर्या करावयाची असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे आणि गुरुभगवंतांची आज्ञा घ्यावी. आणि न्हाणीघरात एक दांडी बसवून घ्यावी. पन्नास वर्षांच्या निमित्ताने ट्रस्टने प्रत्येक ज्येष्ठ सदस्याच्या घरी अशी दांडी बसविण्याचा उपक्रम हाती घेतला, तर तो कोणत्याही यंत्राहून अधिक हाडे वाचवील.

जीवांनी परस्परांवर उपकार करीत जगावे, ही आपल्या दर्शनाची शिकवण आहे. आपले हाड जुळावे यासाठी एका मुक्या जीवाने किती किंमत मोजली, याची जाणीव ठेवणे हा त्या उपकाराचा पहिला स्वीकार होय. ती किंमत वर्षागणिक कमी करीत नेणे हे त्याचे ऋण फेडणे होय. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत या कामी आपल्या समाजाचा वाटा असावा, अशी भावना व्यक्त करतो.

जय जिनेंद्र.